नेप्त्यून ओरिआंताल

पूर्वेकडील समुद्रांच्या फ्रेंच सागरी नकाशांचा संग्रह. पहिली आवृत्ती १७४५ची; दुसरी, बरीच वाढवलेली, १७७५ची. कर्ता जां-बातीस्त दाप्रे द मानव्हिलेत (१७०७–८०) हा फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान. हिंदी महासागरापासून चीनपर्यंतचे किनारे त्यात येतात; गुजरात, कोकण आणि कानडा किनाऱ्याचा नकाशाही आहे.

तोवरच्या नकाशांत मोठी गोम होती ती रेखांशाची. अक्षांश माध्यान्हीच्या सूर्यावरून निघे. जॉन हॅडलीने १७३१ मध्ये ऑक्टंट, म्हणजे सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजण्याचे यंत्र, मांडला, तेव्हापासून डुलत्या जहाजावरही अक्षांश बराच नेमका काढता येऊ लागला. हे यंत्र हाती घेणाऱ्या पहिल्या फ्रेंच दर्यावर्दींत दाप्रे होता. रेखांश मात्र जहाजाचा वेग, दिशा आणि वाळूचे घड्याळ यांवरून अंदाजानेच धरत. प्रवाहाने जहाज बाजूला ओढले तरी कोणाला पत्ता नसे. मग एकच बेट दोन कप्तान दोन ठिकाणी नोंदवत आणि नकाशावर बेटे दोन होत.

दाप्रेने जहाजांच्या रोजनिश्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. काम किचकट, पण खरी कारागिरी त्यातच. किनाऱ्याजवळ खोली मोजायला दोरीला शिशाचे वजन बांधून सोडत. त्याच्या बुडाच्या खळग्यात चरबी भरलेली असे. तिला चिकटून तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा वर येई. खोलीचे माप ‘ब्रास’, म्हणजे सुमारे १.६२ मीटर; आपल्या वावेसारखेच, पसरलेल्या दोन हातांवरून आलेले. नकाशावरचे खोलीचे आकडे अशा मोजणीतून येत. रात्री किंवा धुक्यात किनारा दिसेनासा झाला की जहाज कुठवर आले ते या आकड्यांवरून आणि चरबीला लागलेल्या वाळूवरून ताडत.

पॅरिसमध्ये आरमाराचे नकाशा-दफ्तर १७२० पासून होते. तिथला झाक-निकोला बेलँ खुर्चीत बसून जगभरचे किनारे काढी. माहिती पक्की असेल तर हे चाले, नसेल तर फजिती. त्याच्या १७४४च्या नकाशात उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवरात नसलेले फिलिपो बेट अवतरले आणि १७८३च्या पॅरिस तहात अमेरिकेची सीमा ठरवतानाही त्याचे नाव आले! दाप्रे समुद्रावरचा माणूस. ‘ग्लोरियो’ जहाजावरून त्याने खगोलज्ञ लाकायला केप ऑफ गुड होपला नेले. १७५१ मध्ये ते तिथे पोहोचले. पुढे, १७६२ मध्ये, लोरियाँ बंदरातील कंपनीचे नकाशा-दफ्तर दाप्रेकडे आले. १७६९ मध्ये कंपनीची मक्तेदारी गेली, तरी नकाशांचे काम चालूच राहिले. दुसरी आवृत्ती राजाला अर्पण केलेली आहे.

त्या शतकात फ्रान्स आणि इंग्लंड पुन्हापुन्हा लढत होते. तरी ब्रिटिश नकाशाकार अलेक्झांडर डॅलरिंपल याच्याशी दाप्रेचा पत्रव्यवहार होता आणि लंडनच्या प्रकाशकांनी दाप्रेच्या नकाशांवर आधारलेले संग्रह इंग्रजीत काढले. मूळ ग्रंथाची पुरवणी १७८१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर निघाली.