पाटी एकच, मालक वेगळे: कंपनीचं दुकान आणि फ्रँचायझीचं दुकान

महाड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ. हायवेच्या कडेला एखाद्या बर्गर-पिझ्झावाल्याची नवी पाटी लागली की दोन तऱ्हेची माणसं चौकशीला जातात. एक, बारावी नाहीतर कॉलेज करणारी मुलं, नोकरीसाठी. दुसरे, ज्यांचा रस्त्यालगत गाळा रिकामा आहे ते, "आपल्याला मिळेल का फ्रँचायझी" म्हणून. दोघांचाही घोळ एकाच जागी होतो. पाटीवरचं नाव म्हणजेच मालक असं ते धरून चालतात.

मालक कोण, यावर पगार, पीएफ, सुट्ट्या, बदली आणि धंद्यातला नफा-तोटा हे सगळं ठरतं. दुकानं ढोबळमानाने दोन प्रकारची. पहिल्या प्रकारात सगळी दुकानं एकच मोठी कंपनी स्वतः चालवते. दुसऱ्यात नाव आणि माल कंपनीचा, पण गाळा, गुंतवणूक, माणसं आणि तोटा गावातल्या कुणाचातरी.

थोडी मेख इथेच आहे. आपण ज्याला "कंपनीचं दुकान" म्हणतो तेही बहुतेक वेळा परदेशी मूळ कंपनीचं नसतंच. आपल्या पश्चिम भागातली आणि दक्षिणेतली मॅकडोनाल्ड्‌स चालवते हार्डकॅसल रेस्टॉरंट्‌स, म्हणजे वेस्टलाइफ फूडवर्ल्डची उपकंपनी. देशातलं डॉमिनोज ज्युबिलंट फूडवर्क्सच्या हातात, बर्गर किंग रेस्टॉरंट ब्रँड्‌स एशियाच्या. केएफसी आणि पिझ्झा हट ही दोन्ही नावं देवयानी इंटरनॅशनल आणि सफायर फूड्‌स अशा दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापल्या भागात चालवली. या सगळ्या स्वतःच मोठ्या फ्रँचायझी आहेत. पण आपल्या हक्काच्या भागातली दुकानं त्या स्वतः उघडतात, माणसं स्वतः नेमतात. याउलट 2001 मध्ये मालाड स्टेशनजवळ सुरू झालेलं जम्बोकिंग वाढलं ते छोट्या फ्रँचायझीवाल्यांच्या जोरावर. सबवेनेही भारतात बरीच वर्षं अशीच लहान लहान मालकांना दुकानं दिली.

यातून एक सरळ सूचना निघते. "तुमच्या कणकवलीच्या गाळ्यात डॉमिनोजची फ्रँचायझी देतो, आधी नोंदणी फी भरा" असा मेल किंवा फोन आला तर तो फसवणुकीचाच समजा. अशा कंपन्यांशी गाळेवाल्याचा खरा व्यवहार होतो तो भाडेकराराचा. ठरीव भाडं, किंवा विक्रीचा टक्का, किंवा दोन्हींत जे जास्त असेल ते. त्यात पैसे तुमच्याकडे येतात, तुमच्याकडून जात नाहीत.

बिल वाचायचं कसं

दुकान कुणाचं आहे हे विचारून कळत नाही. काउंटरवरच्या मुलालाही कधी कधी ठाऊक नसतं. बिल घ्या आणि खाली बारीक अक्षरांत काय छापलंय ते बघा. तिथे कायदेशीर नाव आणि 15 अक्षरांचा जीएसटी नंबर असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर मालकाचा प्रकार सांगतं. म्हणून जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर मोजून काढा. 'सी' असेल तर कंपनी, 'पी' असेल तर एकटी व्यक्ती, 'एफ' असेल तर भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी). 'पी' किंवा 'एफ' दिसलं की दुकान फ्रँचायझीचं, वाद संपला. 'सी' दिसलं तर मात्र नावही वाचा, कारण गावातल्या फ्रँचायझीवाल्यानेही प्रायव्हेट लिमिटेड काढलेली असू शकते.

नोकरी करणाऱ्यासाठी दुसरा पुरावा नेमणूकपत्र आणि पगाराची स्लिप. कधी त्यांवर तिसरंच नाव निघतं, माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचं. मग मालक तो ठेकेदार. त्याने पगार थकवला तर ज्याच्याकडे काम केलं त्या मूळ आस्थापनेवर तो देण्याची जबाबदारी येते. फक्त ते मागायला हातात कागद हवा. हजेरीचे फोटो मोबाइलमध्ये ठेवायला पैसे पडत नाहीत.

नोकरीच्या बाजूने

काम दोन्हीकडे जवळपास सारखंच. फ्रायर, बर्गर बांधायचं टेबल, काउंटर, पार्सल, शेवटी फरशी आणि ड्रेन. टोपी, एप्रन, वीस सेकंद हात धुणं हेही तेच. फरक पडतो तो माणसांच्या संख्येमुळे.

पीएफचा कायदा 20 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागतो. एका मालकाच्या सगळ्या शाखा मिळून एकच आस्थापना धरतात. म्हणून कंपनीच्या चिपळूणच्या दुकानात बाराच जण असले तरी देशभरातले हजारो जण मोजले जातात आणि त्या बारांनाही पीएफ लागतो. शेजारच्या फ्रँचायझीवाल्याकडेही बारा जण आहेत, पण त्याचं तेवढं एकच दुकान आहे. त्याला पीएफची सक्ती नाही. तो लबाड आहे म्हणून नव्हे, कायद्याची रेषाच तिथे आहे. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांची, रेषा 10 माणसांची. दुकाने आणि आस्थापना कायदाही ठरावीक संख्येच्या वरच पुरता लागतो. सात-आठ जणांच्या दुकानाने ऑनलाइन नुसती माहिती कळवली की त्याच्या बहुतेक तरतुदींतून ते सुटतं. किमान वेतन मात्र एका माणसालाही लागू. ते परिमंडळाप्रमाणे आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गांप्रमाणे ठरतं, आणि त्यातला विशेष भत्ता जानेवारी व जुलैपासून बदलतो. "आपलं दुकान छोटं आहे" हे उत्तर तिथे चालत नाही.

पैशांत बोलायचं तर मूळ पगार 12,000 धरा. पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,440 तुमच्याकडून कापले जातात, तेवढेच मालक घालतो. मालकाच्या 1,440 पैकी साधारण 1,000 पेन्शनच्या खात्यात जातात, उरलेले 440 पीएफमध्ये. जिथे ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू आहे तिथे 21,000 पर्यंतच्या पगारातून तुमचे 0.75 टक्के जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. म्हणून फ्रँचायझीवाला "हातात 500 जास्त देतो" म्हणाला, तर आधी मालकाच्या या 1,440 ची बेरीज करा.

मग कंपनीचंच दुकान बरं का? सरसकट नाही. तिथे तासांचं वेळापत्रक विक्रीच्या अंदाजावर बनतं. कोकणात हा अंदाज सपाट कधीच नसतो. मे महिना, गणपती, शिमगा या दिवसांत चाकरमानी आले की जास्तीच्या शिफ्ट. जुलैत मुसळधार पाऊस, त्यात श्रावण लागला की चिकनवर चालणाऱ्या दुकानाचा काउंटर दुपारभर रिकामा. त्या आठवड्यांत पार्टटाइम मुलांचे तास कापले जातात, आणि तासावर पगार असेल तर खिशालाही ती कात्री लागते. नेमणूकपत्रात आठवड्याचे किमान तास लिहिलेत का, हे म्हणून आधी बघायचं. शिवाय दुकान चाललं नाही तर कंपनी ते बंद करते आणि "पनवेलला हजर व्हा" म्हणून बदली देते. चिपळुणात घरी राहून 14,000 कमावणाऱ्या मुलीला पनवेलच्या खोलीभाड्यात ती नोकरी परवडत नाही. कागदोपत्री तिला कुणी काढलेलं नसतं. राजीनामा तिचा तीच देते.

फ्रँचायझीवाला बदली करू शकत नाही, दुसरं दुकानच नाही. घरी कार्य आहे, भाताची लावणी आहे म्हटल्यावर तो समजूनही घेतो. पण गणपतीच्या दहा दिवसांत रोज तीन तास जास्त थांबवून शेवटी हातावर बक्षिसाची नोट ठेवली जाते. हिशेब करून बघा. 14,000 पगार, 26 दिवस, रोज आठ तास, म्हणजे तास साधारण 67 रुपयांचा. ओव्हरटाइमच्या दुप्पट दराने 30 तासांचे 4,000 च्या वर होतात.

अनुभवाच्या बाबतीत एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. एकाच कंपनीच्या केएफसीतून तिच्याच पिझ्झा हटमध्ये गेलात तर मालक बदलत नाही, ग्रॅच्युइटीची वर्षं पुढे चालू राहतात. पण एका कंपनीच्या केएफसीतून दुसऱ्या कंपनीच्या केएफसीत गेलात, तर गणवेश तोच आणि वर्षं शून्यापासून. पाच वर्षं भरली की मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000 असेल तर दर वर्षामागे 7,500 प्रमाणे 37,500 रुपये ग्रॅच्युइटी होते. चौथ्या वर्षी 300 रुपये वाढीसाठी पलीकडच्या पाटीखाली जाण्यापूर्वी हे आठवावं.

पाटीवर विसंबण्याचा धोका दिल्लीकरांनी 2017 मध्ये पाहिला. मॅकडोनाल्ड्‌स आणि तिथला भागीदार यांच्या भांडणात परवान्यांची मुदत संपली, जूनमध्ये दिल्लीतली 43 दुकानं एकदम बंद झाली. त्याच वेळी मुंबईतली दुकानं नेहमीसारखी चालू होती, कारण तिथला मालक वेगळा.

धंद्याच्या बाजूने

गाळेवाल्याला वाटतं, आपली स्पर्धा समोरच्या वडापावच्या गाडीशी किंवा हायवेवरच्या कोंबडी-वड्यांच्या हॉटेलाशी. तेवढीच ती नसते. फ्रँचायझी घेतलीत की तुमचा पहिला स्पर्धक तुमचीच कंपनी ठरू शकते, कारण तिला टक्का विक्रीवर मिळतो, तुमच्या नफ्यावर नाही. चार किलोमीटरवर तिने दुसरं दुकान दिलं की एकूण विक्री वाढते, तिचा टक्का वाढतो; तुमची विक्री मात्र वाटली जाते. कंपनीच्या स्वतःच्या दुकानांतही हेच होतं. डिलिव्हरी लवकर व्हावी म्हणून एका दुकानाचा भाग तोडून दोन करतात. पण तिथे उजव्या खिशातला पैसा डाव्या खिशात जातो, एवढंच.

आकडे नमुन्यादाखल मांडू. महिन्याची विक्री जीएसटी सोडून 5 लाख. माल 38 टक्के, 1,90,000. भाडं 45,000. सात माणसांचे 98,000. वीज 35,000. रॉयल्टी, म्हणजे नाव वापरण्याबद्दल कंपनीला जाणारा टक्का, 6 टक्के, 30,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 5,400. जाहिरात निधी 2 टक्के, 10,000 आणि जीएसटी 1,800. विक्रीतले 2 लाख ॲपवरून आले आणि कमिशन 25 टक्के असेल तर 50,000 आणि जीएसटी 9,000. बेरीज 4,74,200. उरले 25,800, त्यातून बँकेचा हप्ता, पॅकिंग आणि दुरुस्ती भागवायची.

त्यातले जीएसटीचे 16,200 परत मिळत नाहीत. 5 टक्के दराच्या रेस्टॉरंटला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, नाही. फ्रँचायझी विकणाऱ्या एजंटने दाखवलेल्या कागदावर ही ओळ हटकून गाळलेली असते. आणि नीट बघितलंत तर या यादीत मालकाच्या हातात असलेला आकडा एकच आहे, पगार. माल ठरावीक गोदामातूनच घ्यायचा, भाव कंपनीचा, रॉयल्टी करारातली. मग ओव्हरटाइम बुडतो, आठवा माणूस नेमला जात नाही, तेल दोन दिवस जास्त ओढलं जातं.

तेलाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मालकाच्या तंगीचा पुरावा फ्रायरमध्ये दिसतो. वारंवार तापलेल्या तेलात टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल बिघडताना तयार होणारी द्रव्यं, 25 टक्क्यांच्या वर गेली की ते वापरता येत नाही, हा नियम जुलै 2018 पासून आहे. दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्याला नोंदवहीही ठेवावी लागते. कंपनीच्या दुकानात रोज तेल गाळतात, मीटर किंवा पट्टी बुडवून आकडा लिहितात. तंगीतल्या दुकानात पट्टी संपलेली असते. बास्केट सोडल्यावर बारीक फेस येऊन तो बसत नाही, तेल काळपट-दाट होतं, नेहमीच्या तापमानालाच धूर धरतं. अशा तेलात फ्राइज बाहेरून लाल होतात, आत कच्च्या राहतात.

कोकणात दुसरं दुखणं विजेचं आणि घाटाचं. टिक्की आणि फ्राइज उणे 18 अंशांवर राहायला हव्यात. वादळी पावसात लाइट आठ तास गेली, जनरेटर नाही किंवा डिझेल संपलं, की मालाचा बर्फ वितळतो. लाइट आल्यावर तो पुन्हा गोठतो, फ्राइजचे गोळे होतात, त्यांवर बर्फाचा थर चढतो. तो बर्फ तेलात पडला की तेल उसळतं आणि भाजतो तो फ्रायरवरचा मुलगा. तळोज्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात बनलेला गोठवलेला माल पनवेलच्या दुकानाला घरचाच, पण कुडाळ-सावंतवाडीला तो घाट ओलांडून ठरलेल्या वारीच येतो. परशुराम घाटात दरड आली की गाडी अडकते. कंपनीचं दुकान कोल्हापूर किंवा गोव्याकडच्या शाखेतून माल उसना आणू शकतं. फ्रँचायझीवाल्याला करारच बाहेरचा माल घेऊ देत नाही.

म्हणून सही करण्यापूर्वी करारात शोधायचं ते असं. तुमचं क्षेत्र किलोमीटरमध्ये लिहिलंय की नुसतं "शहर" म्हटलंय, आणि ॲपवरची डिलिव्हरी त्यात धरली आहे का. गाडी आली नाही तर माल कुठून घ्यायचा. विजेमुळे खराब झालेला माल कुणाच्या खाती. पावसाळ्यात किमान रॉयल्टी माफ होते का. मध्येच सोडलंत तर मशिनरी कंपनी कोणत्या भावाने परत घेणार. फ्रँचायझीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, सगळं 1872 च्या करार कायद्यावर चालतं, त्यामुळे कागदावर नसलेलं तोंडी वचन सिद्ध करणं अवघड. लवादाचं, म्हणजे कोर्टाबाहेर वाद मिटवण्याचं, ठिकाणही वाचा. ते दिल्ली असेल तर दोन लाखांच्या वादासाठी रत्नागिरीहून तारखांना जाणं वादापेक्षा महाग पडतं, आणि ते समोरच्यालाही पक्कं ठाऊक असतं.