खाडीच्या प्रतिमानातील प्रिझम जाळी: पार्श्वभूमी

दाभोळच्या खाडीतील प्रवाहाचे त्रिमितीय संगणकीय प्रतिमान करायचे, तर आधी पाण्याच्या घनफळाचे लहान घटक पाडावे लागतात. हे घटक पुष्कळदा त्रिकोणी चितींच्या, म्हणजे प्रिझमच्या आकाराचे घेतले जातात. या आकाराचा इतिहास दोन वेगळ्या शास्त्रांत सापडतो.

त्यांपैकी एक विमानविद्या. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्ग येथे सीमास्तराची कल्पना मांडली. घन पृष्ठभागालगतच्या अत्यंत पातळ थरात प्रवाहाचा वेग शून्यापासून झपाट्याने वाढतो, त्यामुळे पृष्ठभागाशी लंब दिशेने होणारा बदल समांतर दिशेतील बदलापेक्षा कितीतरी तीव्र असतो. म्हणून या थरात पातळ, चपटे घटक लागतात. जांभ्याचे चिरे रचावेत तशी सहा पृष्ठांच्या घटकांची जाळी सरळ आकाराभोवती नीट बसते. पंख, शेपूट आणि इंजिन जिथे एकमेकांना भिडतात, तिथे ती बसवणे फार जिकिरीचे होते. चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी पृष्ठांचे घटक, कोणत्याही पोकळीत भरता येतात, पण सीमास्तरासाठी ते चपटे केले की त्यांचे कोन बिघडतात आणि चपटे न करावेत तर त्यांची संख्या आवाक्याबाहेर जाते. पृष्ठभागावर त्रिकोणांची जाळी विणून तीच थराथराने बाहेर वाढवत न्यायची, हा तोडगा १९९० च्या दशकात रुळला; कॅलिन्डेरिस आणि वॉर्ड यांचा प्रिझम जाळीवरील लेख १९९३ चा आहे. प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा थोडा जाड ठेवतात आणि उरलेली पोकळी चतुष्फलकांनी भरतात.

दुसरे शास्त्र हवामानाचे. नॉर्मन फिलिप्स यांनी १९५७ मध्ये सुचवलेली सिग्मा निर्देशक पद्धत (थराची जागा मीटरांत न सांगता एकूण उंचीच्या किंवा खोलीच्या अंशांत सांगण्याची रीत) समुद्रविज्ञानाने उचलली आणि तळ उंचसखल असला तरी पाण्याच्या प्रत्येक स्तंभात तितकेच थर पाडणे शक्य झाले. काठाच्या वळणांप्रमाणे आखलेल्या त्रिकोणांवर हे थर चढवले की प्रिझम आपोआप तयार होतात. टेलेमॅक-३डी आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले एफव्हीकॉम ही प्रतिमाने याच रीतीने चालतात.

खाडीची लांबी किलोमीटरांत आणि खोली काही मीटर, म्हणजे तीही एका परीने पातळ थरच. शिवाय कोयनेचे अवजल, म्हणजे वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी, वाशिष्ठी नदीत सोडले जात असल्याने दाभोळला गोडे पाणी पावसाळ्यानंतरही येत राहते. हलके गोडे पाणी वरून वाहते, जड खारे पाणी तळाने आत शिरते, आणि हा भेद एकावर एक रचलेल्या थरांवाचून प्रतिमानात उतरत नाही. अडचण येते ती खाजणाच्या काठाशी: ओहोटीला तिथले पाणी बोटभर उरते आणि सगळे थर तेवढ्यात दाटतात, म्हणून किमान खोली ठरवून त्याखालचे त्रिकोण कोरडे मानावे लागतात.