छपरावर कडक ऊन, तरी घरात वीज नाही

पावसाळ्यात माडाची झावळी तारांवर पडते आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्याची वीज जाते. तासाभराने लख्ख ऊन पडते, पण ज्यांच्या छपरावर सोलर आहे त्यांच्याही घरात पंखा फिरत नाही. ‘मग एवढे पैसे कशाला घातले?’ हा प्रश्न रास्तच आहे. पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. बॅटरी नसलेला साधा सोलर इन्व्हर्टर ग्रिडकडून, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याकडून, येणाऱ्या विजेच्या मागोमाग चालतो. ती थांबली की त्यालाही थांबावे लागते. तो चालू राहिला, तर बंद समजलेल्या तारांत वीज जाऊन खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवावर बेतेल.

सौर ऊर्जेच्या वाटेवरची सगळ्यात अवघड अडचण नेमकी इथे आहे. ‘रात्री ऊन नसते’ हे सगळ्यांना ठाऊक असते. ग्रिडची खरी परीक्षा मात्र सेकंदांत होते.

आपल्या ग्रिडची वारंवारता 50 हर्ट्झ असते, म्हणजे वीज सेकंदाला 50 आवर्तने घेते. विजेची मागणी आणि निर्मिती यांचा मेळ बसला तरच ती टिकते. औष्णिक केंद्रातली अवजड टर्बाइन आणि जनित्रे मिनिटाला 3,000 फेरे घेतात. अचानक एखादे केंद्र बंद पडले, तर बाकीची यंत्रे लगेच थांबत नाहीत. हात काढल्यावरही दळणाचे जड जाते थोडे फिरतेच, तसे ती स्वतःच्या गतीतली ऊर्जा ग्रिडला देत किंचित मंदावतात. तेवढ्या वेळात दुसरी केंद्रे निर्मिती वाढवतात. हे जडत्व सोलर पॅनलकडे नाही, कारण त्यात फिरणारे काही नसतेच. भर दुपारी सौर वीज जितकी जास्त आणि फिरती यंत्रे जितकी कमी, तितकी वारंवारता झपाट्याने घसरण्याचा धोका मोठा.

पाणी इथे मोठी मदत करते. 5 एप्रिल 2020 रोजी रात्री 9 वाजता देशभर दिवे मालवले गेले तेव्हा मागणी सुमारे 31,000 मेगावॉटने कोसळली. जलविद्युत केंद्रांची निर्मिती झटपट कमी-जास्त करून ग्रिड सांभाळले गेले.

बॅटरी त्याहून चपळ. दक्षिण ऑस्ट्रेलियात 2017 साली हॉर्न्सडेल येथे 100 मेगावॉटची बॅटरी उभी राहिली. त्याच डिसेंबरात दूरच्या व्हिक्टोरिया राज्यातला कोळशावरचा संच बंद पडताच तिने क्षणार्धात वीज सोडली. प्रमाण थोडेच होते, पण वेग डोळ्यांत भरणारा. पुढे तिच्या इन्व्हर्टरना फिरत्या यंत्रासारखे वागायला शिकवले आणि 2022 पासून ती जडत्वही पुरवू लागली. असे इन्व्हर्टर ग्रिडच्या मागे न चालता स्वतः वारंवारता धरून ठेवू शकतात.

गोव्याला हे फार जवळचे आहे. आपल्याकडे मोठे वीजकेंद्र नाही. बहुतेक वीज सह्याद्रीपलीकडून लांबच्या वाहिन्यांवरून येते. 31 डिसेंबर 2013 रोजी दक्षिणेचे ग्रिड जोडले गेल्यापासून सारा देश एकाच वारंवारतेवर चालतो, त्यामुळे एरवी आपण त्या प्रचंड ग्रिडच्या आधाराने निर्धास्त असतो. पण घाटातली वाहिनी तुटली तर तो आधारही तुटतो. म्हणून फोंडा, म्हापसा, मडगाव यांसारख्या ठिकाणी उपकेंद्रांजवळ बॅटऱ्या हव्यात, असे मला ठामपणे वाटते. त्या घेताना ‘किती तास चालेल?’ याच्या जोडीला ‘बाहेरची वीज गेल्यावर ही बॅटरी इस्पितळ आणि पाण्याचे पंप स्वतःच्या बळावर चालू ठेवील का?’ हेही निविदेतच विचारायला हवे. ती क्षमता इन्व्हर्टर निवडतानाच ठरते. नंतर ती बसवायची म्हणजे खर्च वाढतो.