तुटलेला बोल्ट आणि बैलगाडीची धाव

लोखंडी कडं तापवलं तर त्याच्या मधलं भोक मोठं होतं की लहान? गेला महिनाभर भेटेल त्याला मी हा प्रश्न विचारतोय. बहुतेक जण ठामपणे सांगतात, लहान होतं. धातू तापला की फुगतो, मग तो आतल्या बाजूलाही फुगणारच, असा त्यांचा हिशेब. विज्ञानात उत्तम मार्क मिळवणारी मुलंही हेच सांगतात. उत्तर चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे हे कळलं की तुटलेला बोल्ट कसा काढायचा हेही कळतं.

मे महिन्यातली गोष्ट. जळगावात पारा ४४ अंशांवर आणि माझ्या गाडीचा तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप, अडकला होता. घरीच बदलायचं ठरवलं, कारण त्याचं झाकण दोनच बोल्टवर बसलेलं असतं. पहिला निघाला. दुसरा हलेना, म्हणून पान्यावर मीटरभर लांबीचा पाइप चढवला आणि हळूच ओढलं. 'टक्' असा आवाज आला. मुंडी पान्यात राहिली आणि दांडा इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे त्याच्या वरच्या भागात.

एवढासा जोर आणि बोल्ट तुटला कसा? गॅरेजमध्ये ज्याला '१२चा बोल्ट' म्हणतात, ते पान्याचं माप झालं. या बोल्टची स्वतःची जाडी ८ मिमी, आणि आट्यांच्या खाचा वजा केल्या की भार पेलणारी जाडी पावणेसातच्या आसपास. मुंडीवर ८.८ असा आकडा उठवलेला होता. त्यातला पहिला ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन. या हिशेबाने बोल्ट सरळ ओढला तर जवळपास ३ टनांना तुटतो, म्हणजे तीन-चार लहान मोटारी त्याला टांगता येतील. पण पिळताना गणित वेगळं. पिळाला तोंड देण्याची ताकद जाडीच्या घनावर ठरते, आणि या जाडीला ती सुमारे ३५ न्यूटन-मीटर भरते. फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला हा जोर १२ किलोंचा होतो, मीटरभर पाइपच्या टोकाला फक्त साडेतीन किलोंचा. भाजीची पिशवी उचलायला लागतो तेवढा. म्हणून पाइप चढवला की हाताला अंदाजच राहत नाही. आणि घनाचा हिशेब असल्यामुळे ६ मिमीचा बोल्ट याच्या निम्म्याहून कमी पिळात जातो.

आता तो का अडकला? आपल्या खानदेशात उन्हाळ्यात रेडिएटर कमी दिसला की बोअरचं पाणी ओततात. मीही दोन वर्षं तेच केलं. हे पाणी जड, क्षारांचं. हेड ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचा आणि मधे क्षारांचं पाणी: दोन वेगळे धातू आणि त्यांना जोडणारा विद्युतवाहक द्रव, म्हणजे शाळेतला साधा विद्युतघटच. त्यात ॲल्युमिनियम स्वतः झिजतं आणि पांढरी भुकटी तयार होते, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची. ही भुकटी मूळ धातूच्या तिपटीहून जास्त जागा मागते. लोखंडाचा गंजही दुपटीहून जास्त मागतो. आट्यांच्या बंद फटीत ती जागा मिळणार कुठून? मग भुकटी चारही बाजूंनी बोल्टला दाबत राहते. ही पकड चिकटपणामुळे आलेली नसते, दाबामुळे आलेली असते.

केळीच्या बागेत जाणाऱ्या गाड्यांना आणखी एक त्रास होतो. पोटॅशच्या गोण्या डिकीतून जातात. हे पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि क्लोराइड गंजाला फार लवकर वाट करून देतं. चाकांच्या वरच्या खोबणीत काळ्या मातीचा चिखल साचून ओला राहिला की तिथले बोल्टही असेच जाम होतात.

एका मिनिटात जाम बोल्ट मोकळा करणाऱ्या स्प्रेच्या जाहिराती सध्या मोबाइलवर खूप दिसतात. त्यांवर विश्वास ठेवू नका. पातळ तेल अरुंद फटीत केशाकर्षणाने शिरतं हे खरं, पण दुप्पट खोल जायला त्याला चौपट वेळ लागतो. संध्याकाळी मारून सकाळपर्यंत ठेवलं तर उपयोग होतो, मिनिटात होत नाही. आणि आमच्या शेजारच्या काकूंनी सांगितलं तसं, गाडीला नजर लागली म्हणून बोल्ट तुटला, असंही नाही. बंपरला बांधलेलं लिंबू बोल्टचं काहीच करत नाही. तेच लिंबू पिळून सुटा गंजलेला बोल्ट रात्रभर रसात ठेवला, तर सायट्रिक आम्ल गंज विरघळवतं. लिंबाचा गुण त्याच्या रसात आहे.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो.

गल्लीतल्या वेल्डिंगवाल्या आबांकडे गेलो. त्यांचे वडील बैलगाडीच्या चाकांना धाव बसवायचे. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. ती लाकडी चाकापेक्षा मुद्दाम किंचित लहान घडवतात. गोवऱ्यांच्या आरात ती लाल होईपर्यंत तापवतात, चिमट्यांनी धरून चाकावर सोडतात आणि वरून पाणी ओततात. १२० सेंमी व्यासाची धाव ५०० अंशांनी तापली की तिचा व्यास सुमारे ७ मिमीने वाढतो. वाढतो तो आतला व्याससुद्धा, नाहीतर ती चाकावर चढलीच नसती. हे समजायला धाव मनात कापून सरळ करा. सरळ पट्टी तापली की लांब होते. आता ती पुन्हा वाकवून टोकं जुळवा: घेर वाढला, म्हणून भोकही वाढलं. फोटो मोठा करताना त्यातल्या बांगडीचं भोक जसं बांगडीसोबत मोठं होतं, अगदी तसंच.

आमच्या बाबतीत हेड म्हणजे धाव आणि बोल्ट म्हणजे चाक. हेड तापवलं तर? ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दोन्ही १५० अंशांनी तापवले तर ८ मिमीच्या भोकात सव्वा शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. कोरड्या भुकटीला तडा जायला तो पुरतो. पण हेडचं ॲल्युमिनियम उष्णता-संस्कार करून कडक केलेलं असतं, ते २०० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं. म्हणून आबांनी उलटा मार्ग धरला: बोल्टच तापवायचा.

त्यांनी आधी बॅटरीची तार काढायला लावली. बाहेर डोकावणाऱ्या दांड्यावर एक नट ठेवला आणि नटाच्या पोटात वेल्डिंग भरलं. नटामुळे पाना धरायला नवी मुंडी मिळते, पण खरं काम उष्णतेचं. बोल्ट क्षणात लाल झाला, म्हणजे सुमारे ६५० अंशांनी तापला. त्याला ०.०६ मिमीने जाड व्हायचं होतं, साधारण केसाइतकं. पण भोवतालचं ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने पसरवत असल्याने त्यामानाने थंड होतं, त्याने जागा दिली नाही. लाल पोलाद मऊ असतं, थंड असतानाच्या निम्मीही ताकद त्यात उरत नाही. आडवं वाढता येईना, म्हणून ते दबलं आणि लांबीच्या दिशेने सरकलं. हे दबणं कायमचं असतं. मग बोल्ट थंड होताना आकसला, तो या दबलेल्या मापापासून. म्हणजे आधी होता त्याहून बारीक झाला. आट्यांत शतांश मिलिमीटरची फट पडली आणि भुकटीचा दाब गेला.

मी लगेच पाना लावायला गेलो तर आबांनी हात धरला. "आजून गरम शे, भाऊ." बरोबर होतं. लाल बोल्ट जाडच असतो आणि मऊही, तेव्हा पिळला तर पुन्हा तुटतो. हातमोज्यातून धरवेल इतका निवला, तेव्हा त्यांनी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत ओढलं गेलं. नंतर आधी किंचित घट्ट, मग सैल, असं चार वेळा मागेपुढे करत बोल्ट बाहेर आला. आट्यांत पांढरी भुकटी गच्च भरलेली होती.

झिंक चढवलेल्या बोल्टवर वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर छातीत घेऊ नका, त्याने ताप येतो. दांडा भोकात अगदी खाली तुटला असेल तर ईझी-आउटने, म्हणजे बोल्टमध्ये भोक पाडून त्यात उलटं पिळत घुसवायच्या निमुळत्या अवजाराने, सुरुवात करू नका. ते पाचरीसारखं शिरून बोल्टला आणखी फुगवतं, आणि आत तुटलं तर साधा ड्रिल त्याला कापत नाही. उलट्या दिशेने फिरणारा डावा ड्रिल आधी वापरावा. पुष्कळदा भोक पाडता पाडताच तो बोल्ट उलटा फिरवून बाहेर काढतो.

मग टॅपने, म्हणजे आटे पाडायच्या अवजाराने, आटे साफ केले आणि नवा बोल्ट अँटी-सीझ (जाम होऊ न देणारी) पेस्ट लावून बसवला. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कोरडा बोल्ट घट्ट करताना आपल्या जोरातला अर्धा मुंडीखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम दहा टक्के बोल्टला ताणतो. पेस्टने घर्षण कमी झालं की त्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे किती पीळ दिला ते दाखवणारा पाना, मॅन्युअलमधल्या आकड्याच्या पाऊणपट लावला. रेडिएटरमध्ये या वेळी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं.