महाल परिसराचे पुनरुज्जीवन, नागपूर

नागपूरच्या जुन्या तटबंदीच्या आतील व तिला लागून असलेल्या वस्तीचे जतन आणि पुनर्रचना. महाल, इतवारी, शुक्रवारी व बुधवारी या वस्त्या प्रामुख्याने यात येतात. सिव्हिल लाइन्ससारखे ब्रिटिश अमदानीत वाढलेले भाग धरले जात नाहीत.

या वस्तीतले मूळचे काय आणि मागाहून आलेले काय, हा वाद जुना आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या एकत्र करून १७०२ च्या सुमारास शहर वसवले, असे सामान्यतः मानतात. मात्र वर्धा जिल्ह्यातील देवळी येथील राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या ताम्रपटात (शके ८६२, इ.स. ९४०) ‘नागपूर-नंदिवर्धन’ या विषयाचा, म्हणजे तत्कालीन प्रशासकीय विभागाचा, उल्लेख येतो. तेथील नागपूर म्हणजे हेच गाव, याविषयी दुमत संभवते. तरीही बख्त बुलंदाला शहराचा संस्थापक म्हणण्यापेक्षा विखुरलेल्या वस्तीला शहराचे रूप देणारा म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. तट, वेशी आणि जुम्मा तलाव (आजचा गांधीसागर) यांचे श्रेय त्याचा मुलगा चांद सुलतान याला दिले जाते. देवगडची राजधानी येथे आली ती त्याच्याच काळात. जुम्मा दरवाजा, म्हणजे आजचे गांधीद्वार, याच तटाची वेस होय. पण तेथील सगळे बांधकाम गोंड काळातले मानता येत नाही.

पहिले रघूजी भोसले यांची सत्ता १७४३ च्या सुमारास स्थिर झाली आणि राजवाड्याभोवती सरदार, कारभारी यांचे वाडे उठले. काळ्या पाषाणाचा, लाकडी कोरीवकामाने नटलेला हा राजवाडा १८६४ मध्ये जळाला. त्याचा मोठा दरवाजा तेवढा वाचला. गोंड राजांचा किल्ला महालातच असूनही जतनाच्या चर्चेत वाडे व देवळेच पुढे असतात. गोंड थराकडे झालेले हे दुर्लक्ष अनाठायी आहे.

१८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर शहराचा भर पश्चिमेकडे सरकला. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१७ च्या सुमारास नागपूरच्या नगररचनेवर अहवाल दिला. सरसकट रस्ते रुंद करण्याऐवजी निवडक पडकी घरे काढून मोकळी जागा साधावी, हे त्यांचे भारतीय शहरांविषयीचे सूत्र होते. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास ही शहर विकासाची संस्था आली, पण पुढील काळात रस्तारुंदीचाच मार्ग प्रबळ राहिला. बडकस चौक परिसरातील केळीबाग रस्त्याचे रुंदीकरण हे त्याचे अलीकडचे उदाहरण.

रुंदीकरणातील तांत्रिक अडचण क्वचितच नोंदवली जाते. वाड्याचा भार सागवानी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर असतो, तर विटा-मातीच्या भिंती बहुधा शेजाऱ्याशी सामाईक. भूसंपादनात रस्त्याकडचा पट्टा जातो, म्हणजे ओसरी, कोरीव खांब आणि वरचा सज्जा, ज्यांसाठी वास्तू जपायची नेमके तेच. मागे उरलेल्या खणांच्या (दोन खांबांमधील भागांच्या) तुळया एका टोकाला निराधार होतात. लोखंडी गर्डर व सिमेंटची भिंत घालून त्या तोलतात. असा वाडा उभा राहतो, पण त्याला वारसा म्हणणे कठीण. सिमेंटच्या गिलाव्याआड ओल कोंडते आणि भिंतीत रुतलेली लाकडाची टोके कुजतात. चुन्याचा गिलावा येथे अधिक योग्य, मात्र त्यात हात बसलेले कारागीर थोडे.

मालकीचाही गुंता आहे. एकेका वाड्याचे अनेक हिस्सेदार, शिवाय जुने भाडेकरू. विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेश २००० पर्यंत लागू होता. नाममात्र भाड्यात कौले फेरण्याचा खर्चही निघत नसे. २००३ च्या सुमारास शहरातील दीडशेच्या आसपास वारसास्थळांची श्रेणीवार यादी शासनाने अधिसूचित केली. तिचा भर सुट्या वास्तूंवर आहे. गल्ली, बोळ, चौक यांचे एकसंध रूप तिच्यात नीट बसत नाही.

इतवारीचा सराफा व घाऊक बाजार, विणकरांची घरे आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळ्या-पिवळ्या मारबतींची (पुतळ्यांची) मिरवणूक यांनी वस्ती जिवंत ठेवली आहे. सेंट्रल एव्हेन्यूवरून जाणारा मेट्रोचा सीताबर्डी–प्रजापतीनगर टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. तो जुन्या पेठांच्या उत्तरेकडून जातो. महालच्या आतल्या गल्ल्यांतून त्याचे स्थानक पायी बरेच लांब पडते.