इंग्रजीतल्या जुळ्या शब्दांची पार्श्वभूमी

'आस्क', 'क्वेश्चन' आणि 'इंटरॉगेट' या तिन्हींत विचारणे आहेच, पण मित्राला वेळ विचारताना कोणी 'इंटरॉगेट' करत नाही. ते पोलिसांचे काम. असे भेद कोणी बसून ठरवले नाहीत. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढची दोन-तीनशे वर्षे दरबार व कोर्टकचेरीत फ्रेंच, चर्चमध्ये आणि विद्वानांत लॅटिन, तर घरात-शेतात इंग्रजी चालली. एकाच गोष्टीला दोन-दोन, तीन-तीन नावे पडली. 'किंगली' देशी, 'रॉयल' फ्रेंच, 'रीगल' लॅटिन वळणाचा. वकिलांनी तर निवड करण्याचा त्रासच घेतला नाही. मृत्युपत्राच्या मथळ्यावर 'विल अँड टेस्टामेंट' अशी जोडी आजही दिसते.

हे भेद उलगडून सांगणारी पुस्तके मात्र फार उशिरा आली, तीही फ्रेंचांच्या पावलावर पाऊल ठेवून. पॅरिसमध्ये गॅब्रिएल जिरार यांनी १७१८ साली फ्रेंच समानार्थी शब्दांवर पुस्तक काढले. त्याचाच आधार घेऊन जॉन ट्रसलर यांनी १७६६ मध्ये इंग्रजीत तसा प्रयत्न केला. मला त्यांच्यापेक्षा हेस्टर पिओझ्झी जवळच्या वाटतात. कोशकार जॉन्सन यांच्या त्या स्नेही, नवरा इटालियन गायक. १७९४ च्या त्यांच्या दोन खंडांत ओढ व्याकरणाकडे नाही, रोजच्या बोलण्यात कुठला शब्द शोभेल याकडे आहे. घरात परभाषक असला की असले प्रश्न रोजच पडत असणार.

जॉर्ज क्रॅब यांनी १८१६ मध्ये वेगळी वाट धरली. प्रत्येक शब्दाची व्युत्पत्ती द्यायची आणि भेद तिच्यातून काढायचा. पुस्तक पुढे अनेक वर्षे खपले, पण शब्द आपल्या जन्माला बांधील राहतो हे त्यातले गृहीतक कच्चेच होते. डॉक्टर पीटर मार्क रॉजे यांनी १८५२ च्या 'थिसॉरस'मध्ये स्पष्टीकरणाला फाटाच दिला. सुमारे हजार कल्पनांखाली शब्दांचे गट लावले, निवड वाचकावर सोडली. ज्याला भाषा आधीच येते त्याला हे सोयीचे; शिकणाऱ्याला त्यात फसायला भरपूर जागा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणक आला आणि अंदाजाऐवजी पुरावा मागता येऊ लागला. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या गटाने प्रत्यक्ष लिखाण-बोलण्याचे कोट्यवधी शब्द साठवले. १९८७ चा 'कोबिल्ड' कोश त्यातूनच निघाला. शब्द कोणाच्या संगतीत वावरतो ते अशा साठ्यात दिसते. 'कॉज' या क्रियापदाच्या पुढे बहुतेक वेळा नुकसान, त्रास, मृत्यू अशीच मंडळी येतात, तर 'प्रोव्हाइड'पुढे मदत, माहिती, सेवा. व्युत्पत्तीत हे शोधून सापडले नसते. लॅटिन 'काउझा'चा अर्थ नुसता कारण, नाहीतर खटला.