कानात मशीन लागलं, आता बोलायचं कुणी?

मागच्या आठवड्यात ते रील मलाही तीन ग्रुपवरून आलं. बाळाच्या कानाला ऐकू येण्याचं मशीन लावतात, आई हाक मारते, बाळ चमकून बघतं आणि खुदकन हसतं, मागे पियानो, आणि खाली कमेंट की सायन्सचा चमत्कार. खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरून येतात. पण त्या क्षणी बाळाने आवाज ऐकला, शब्द नाही. मशीन लावलं की मूल बोलायला लागतं हा समज बहुतेक चष्म्यावरून आलाय, चष्मा लावला की फळा दिसतो तसं. इथे मात्र आलेल्या आवाजाचं करायचं काय हे मेंदूला शिकावं लागतं, आणि पहिल्या तीनेक वर्षांत तो जेवढं भराभर शिकतो तेवढं पुढे शिकत नाही.

माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं सगळं जवळून बघितलंय म्हणून लिहितोय. आजीने मागे उभं राहून थाळी वाजवली, पोरगी वळली, झालं, कान ठणठणीत. अहो, थाळीचा आवाज एवढा मोठा की बऱ्यापैकी कमी ऐकणारं मूलसुद्धा वळेल, शिवाय हाताची सावली दिसते ती वेगळीच. मग कुणीतरी म्हणालं जीभ जड आहे, वेखंड उगाळून चाटवा. बिचाऱ्या जिभेचा काही दोषच नव्हता, पोरीला ऐकूच कमी येत होतं, पण या उगाळण्यात दीड वर्ष गेलं.

खरं तर जन्मल्यावर दोन-तीन दिवसांतच हे कळू शकतं. निरोगी कान नुसता ऐकत नाही, तो स्वतःही अगदी बारीक आवाज बाहेर टाकतो, हे डेव्हिड केम्प यांनी लंडनमध्ये १९७८ साली दाखवलं आणि ओएई नावाची तपासणी त्यावरच चालते. बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते. त्यात नापास म्हणजे बहिरं असं नाही हं, कानात जन्माच्या वेळचं पाणी असलं तरी नापास होतं, म्हणून परत करायची आणि मग बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूकडे पोचतो का ते बघणारी तपासणी. हिशोब १-३-६ असा लक्षात ठेवतात, पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मशीन आणि ऐकण्या-बोलण्याची थेरपी सुरू.

आता पालकांचं. अमेरिकेत नेब्रास्कामध्ये मेरी पॅट मोलर यांनी २००० साली कमी ऐकणाऱ्या ११२ मुलांचा अभ्यास छापला. पाचव्या वर्षी कुणाकडे किती शब्द आहेत ते बघितलं. लवकर, म्हणजे अकराव्या महिन्याच्या आत सुरुवात केलेली मुलं पुढे होती हे अपेक्षितच, पण सगळ्यात जास्त फरक पडला तो घरचे किती गुंतले होते त्याने. उशिरा आलेली मुलंसुद्धा घरच्यांच्या जोरावर बरीच सावरली होती. आणि साधा गुणाकार करा ना, थेरपी आठवड्यातून एक तास, मूल जागं असतं रोज बारा तास म्हणजे आठवड्याला ८४. उरलेले ८३ तास कुणाचे?

मला खरा आवडतो तो भाग पुढे आहे. आवाज लांब गेला की मंदावतो, अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने. कडेवरच्या बाळाचा कान आईच्या तोंडापासून २० सेंटिमीटरवर धरा. तीच आई ओट्यापाशी १६० सेंटिमीटरवर गेली तर अंतर तीनदा दुप्पट झालं, म्हणजे १८ डेसिबल गेले. खोलीत भिंतींवरून प्रतिध्वनी येतो म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी घटतं, पण घुमत राहणारा प्रतिध्वनी शब्द एकमेकांत फासून टाकतो, त्याचा फारसा उपयोग नाही. आणि मशीन मिक्सरचा आवाजही वाढवतं, फक्त आईचा नाही. म्हणून थेरपिस्ट घसा कोरडा करून सांगतात की जवळ या, टीव्ही बंद करा आणि मग बोला.

त्यातही सगळे आवाज सारखे नसतात. 'म' खालच्या पट्टीत, अडीचशे हर्ट्झच्या आसपास, तर 'स' पार चार हजारच्या वर. 'ई' आणि 'ऊ' यांचा खालचा जोर जवळपास एकाच जागी पडतो, वरचा वेगळा, 'ई'चा दोन हजारच्या वर आणि 'ऊ'चा हजारच्या खाली, म्हणजे मुलाला वरचं ऐकू येत नसेल तर 'ई'सुद्धा 'ऊ'च वाटेल. (हे डोक्यावरून गेलं तर सोडा, 'स' तेवढा धरा.) कारण आपल्या मराठीत या 'स'वर फार काही अवलंबून आहे. तो आला, तू आलास. ती गेली, तू गेलीस. समोरच्याशी बोलतोय की तिसऱ्याबद्दल हे बऱ्याचदा शेवटचा एवढासा 'स' सांगतो, तो सगळ्यात वरच्या पट्टीतला आणि हलका. ज्या मुलाला तो पोचत नाही ते 'तू आला' म्हणणार, आणि आपण लाडाने हसणार.

म्हणून कमी ऐकणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणारे डॅनियल लिंग यांची सहा आवाजांची टेस्ट घरोघरी रोज सकाळी करतात (नाव वाचून आमच्या फॅमिली ग्रुपवर जे व्हायचं ते झालं). आ, ई, ऊ, म, श, स. मुलाला ओठ दिसू द्यायचे नाहीत, क्रम रोज बदलायचा, आणि ऐकू आलं की त्याने एक ठोकळा बादलीत टाकायचा. दोन मिनिटांचं काम.

बहिणीकडे हे काम तिच्या नवऱ्याकडे आहे आणि मला त्याचं बरं वाटतं, कारण पालकांचा सहभाग म्हटलं की सगळं आईच्या डोक्यावर आणि बाबा क्लिनिकबाहेर बॅग धरून, असं मी फार बघितलंय. शिवाय ते दोघं खाणाखुणाही शिकतायत, इंडियन साइन लँग्वेजच्या. त्याने मूल आळशी होऊन बोलायचं थांबतं असं आजी म्हणते, पण रात्री मशीन काढून ठेवल्यावर पोरीशी बोलायचं कशाने?

गेल्या जुलैत मी तिकडे राहायला होतो, बाहेर धो धो पाऊस. सकाळी मागे बसून बाबा म्हणाला आ, ठोकळा पडला. म, पडला. श, पडला. स. पोरगी ठोकळा कानाशी धरून वाट बघत बसली. परत स. काही नाही. त्याने मशीन काढून उजेडात धरलं तर मोल्डच्या, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्याच्या नळीत पाण्याचा बारीक थेंब, दमट हवेने धरलेला. रबरी फुग्याने फुस्स करून उडवला, मशीन परत लावलं. स. ठोकळा बादलीत.